कॉल फुकट, मग बिल कसलं? इंटरनेटसोबत मिळणाऱ्या लँडलाइनचा हिशेब

जाहिरातीत मोठ्या अक्षरांत ‘अमर्याद कॉल मोफत’ असतं आणि तळाशी बारीक अक्षरांत ‘जीएसटी अतिरिक्त’ असतं. माझी नोकरी बिलाच्या खिडकीच्या आतल्या बाजूला गेली, त्यामुळे मला बारीक अक्षरं आधी दिसतात.

मी साताऱ्यात टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून लागले. ट्रंक कॉल, म्हणजे बाहेरगावचे कॉल, बोर्डावर हातानं जोडायचं काम होतं. पुढे ते बोर्ड बंद झाले आणि मला बिलं आणि तक्रारींच्या टेबलावर बसवलं. १ ऑक्टोबर २००० ला खात्याची बीएसएनएल झाली, खिडकी तीच राहिली. जानेवारी २०२० अखेर जे सुमारे ७८ हजार कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडले, त्यांत मीही होते. आता आमच्या गल्लीत कुणाकडे फायबरवाल्याचा, म्हणजे काचेच्या धाग्यातून इंटरनेट देणाऱ्या कंपनीचा, माणूस पत्रक टाकून गेला की ते पत्रक आधी माझ्याकडे येतं. “काकू, फोनसुद्धा देतायत. घेऊ का?”

एक गोष्ट आधीच सांगते. माझ्या स्वतःच्या फोनला निवृत्त कर्मचाऱ्याची सवलत आहे, तेव्हा माझं बिल बघून कुणी हिशेब करू नये. आणि मी कुठल्या कंपनीची शिफारस करत नाही. हिशेबाची रीत सांगते, आकडे तुम्ही तुमचे घाला.

आधी घरातला आजचा खर्च काढा

पत्रक बाजूला ठेवा. वहीचं पान घ्या आणि घरात फोन, इंटरनेट, टीव्ही या नावाखाली वर्षाला किती जातात ते लिहा. महिन्याला नाही, वर्षाला. कारण मोबाइलचा महिना २८ दिवसांचा असतो. वर्षात असे १३ महिने बसतात. २०२४ च्या जुलैत खासगी कंपन्यांनी दर वाढवले, तेव्हा रोज एक-दीड जीबी देणारा २८ दिवसांचा पॅक २९९ रुपयांवर गेला. “महिन्याला तीनशेच तर जातात” असं म्हणणाऱ्याचे वर्षाला ३,६०० नाही, ३,८८७ जातात. आणि हे एका सिमचे. घरात पाच माणसं, पाच सिम असली तर १९,४३५ रुपये. हा आकडा बघून आमच्या समोरच्या घरातले आजोबा म्हणाले होते, “एवढ्यात आमच्या वेळी म्हैस यायची.”

दुसरी बारीक गोष्ट. प्रीपेड मोबाइलच्या पॅकवर लिहिलेल्या किमतीत जीएसटी धरलेला असतो. ब्रॉडबँडच्या प्लॅनवर लिहिलेल्या किमतीत नसतो, तो वरून १८ टक्के लागतो. म्हणजे ३९९ चा प्लॅन ४७१ ला पडतो, ४९९ चा ५८९ ला, ६९९ चा ८२५ ला आणि ९९९ चा ११७९ ला. मोबाइलचा आकडा आणि ब्रॉडबँडचा आकडा शेजारी मांडून तुलना करणारे बहुतेक जण इथेच फसतात, कारण एकात कर आत आहे आणि एकात बाहेर. वहीत लिहिताना दोन्हीकडे कर धरून लिहा.

पानावर हे रकाने असू द्या: प्रत्येक सिमचं वर्षाचं रिचार्ज, केबल किंवा डिशचं वर्षाचं, ओटीटीची (नेटफ्लिक्ससारख्या ॲपची) वर्गणी असेल तर ती, जुना लँडलाइन असेल तर त्याचं भाडं. सगळ्यांची बेरीज करा. आता पत्रक हातात घ्या.

पत्रकातल्या गोष्टी सुट्या करा

एका किमतीत चार गोष्टी बांधून दिलेल्या असतात: इंटरनेटचा वेग, डेटाची मर्यादा, फोन, आणि ओटीटी किंवा टीव्हीचे चॅनेल. पैसे नेमके कशाचे घेतात ते कळायला एकच युक्ती आहे. त्याच कंपनीचे दोन लागोपाठचे प्लॅन घ्या आणि वरच्यातून खालचा वजा करा. जे उरलं ते वाढलेल्या गोष्टीचं मोल.

जिओनं २०२० च्या ऑगस्टअखेर जे दर जाहीर केले त्यांचंच उदाहरण घेऊ, कारण नंतर बाकीच्यांचे प्लॅनही बरेचसे त्याच साच्यात बसले. ३९९ ला ३० एमबीपीएस (हे वेगाचं माप), ६९९ ला १०० एमबीपीएस, ९९९ ला १५० एमबीपीएस आणि सोबत ओटीटी. फोनचे कॉल तिन्हीत मोफत. आता वजाबाकी करा. ३९९ मध्येही फोन आहे आणि ९९९ मध्येही तोच फोन आहे. म्हणजे वरचे सहाशे रुपये फोनचे नाहीत. ६९९ वरून ९९९ वर जाताना करासकट महिन्याला ३५४ आणि वर्षाला ४,२४८ रुपये वाढतात, ते थोड्या वेगाचे आणि बऱ्याचशा करमणुकीचे.

फोन नको म्हटलं तर पैसे कमी होतील का? मी अनेकांना विचारायला लावलं आहे. उत्तर ठरलेलं असतं, “मॅडम, तो प्लॅनमध्येच आहे.” बरोबर आहे त्यांचं. फायबरवर आवाज म्हणजे इंटरनेटच्या डेटाचाच एक बारीक धागा. एका कॉलला शंभर केबीपीएस, म्हणजे एका एमबीपीएसचा दहावा हिस्साही लागत नाही. ३० एमबीपीएसच्या लाइनीत तो कुठे गेला ते कळणारही नाही. शिवाय लँडलाइनवरून लावलेला कॉल दुसऱ्या कंपनीत उतरवायचे जे पैसे त्या कंपनीला द्यावे लागत होते, तेही २०१५ पासून बंद झाले. कंपनीला फोन द्यायला जवळजवळ काही पडत नाही, म्हणून ती तो जाहिरातीत मोठ्या अक्षरांत टाकते.

याचा अर्थ असा की ‘फोनसाठी एवढे पैसे द्यावेत का’ हा प्रश्नच पत्रकानं बाद केलेला आहे. विचारायचं ते असं: मला सर्वांत खालचा प्लॅन पुरेल का? आणि तो घेतल्यावर घरातला दुसरा कुठला खर्च बंद करता येईल?

वेगाचं सांगते. चांगल्या प्रतीचा पिक्चर टीव्हीवर बघायला पाचेक एमबीपीएस लागतात, अगदी फोर-के टीव्ही असला तर पंधरा ते पंचवीस. एक टीव्ही, दोन मोबाइल आणि एका माणसाचं घरून काम एवढं ३० ते ४० एमबीपीएसमध्ये बसतं. घरात तीन जण एकाच वेळी व्हिडिओ कॉलवर आणि नातू गेमवर असेल तर १०० घ्या. त्याच्या वरचे आकडे दोन-तीन खोल्यांच्या घरात मिरवायला असतात. बऱ्याच घरांत खरी अडचण वेगाची नसते, राउटर शोकेसच्या मागे किंवा लोखंडी कपाटाशेजारी ठेवलेला असतो. जुन्या साताऱ्यातल्या दगडी भिंतींतून वायफाय पलीकडच्या खोलीत जात नाही, मग प्लॅन कितीचाही घ्या.

डेटाची मर्यादा घरगुती फायबरवर बहुधा महिन्याला ३,३०० जीबी असते. दिवसाला ११० जीबी झाले. चांगल्या प्रतीच्या व्हिडिओला तासाला तीन जीबीच्या आसपास लागतात. टीव्ही चोवीस तास चालू ठेवला तरी संपत नाही. वायरशिवाय, गच्चीवर डबा लावून ५जीवर जी जोडणी देतात तिच्यात मर्यादा बहुधा १,००० जीबी असते. तीही साध्या घराला पुरते, पण आधी विचारून घ्या.

ओटीटीबद्दल माझं मत कडक आहे. ज्याची वर्गणी तुम्ही आज खिशातून भरताय, तेवढीच पानावर धरायची. पत्रकात पंधरा ॲपची नावं असतात. त्यातली बारा तुम्ही आयुष्यात उघडणार नसता. नेटफ्लिक्सचा टीव्हीवर चालणारा सर्वांत साधा प्लॅन २०२१ च्या डिसेंबरपासून १९९ रुपये महिना आहे. तो घरात खरोखर चालू असेल आणि प्लॅनमध्ये तो आत मिळत असेल तर १९९ वजा करा. ‘आलंय तर बघू’ याचे शून्य रुपये धरा.

पैसे वाचतात ते सिमवर

आता मुख्य वजाबाकी. २०२४ च्या २३ डिसेंबरला ट्रायनं (फोन कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेनं) कंपन्यांना सांगितलं की ज्यांना डेटा नको त्यांच्यासाठी नुसते कॉल आणि एसएमएस असलेले पॅक ठेवा. २०२५ च्या जानेवारीत ते आले. ८४ दिवसांना साडेचारशेच्या आसपास, म्हणजे वर्षाला दोन हजारांच्या आत-बाहेर. दुकानदार हे पॅक आपणहून सांगत नाही, मागावे लागतात.

घरात वायफाय आलं की घरीच असणाऱ्या माणसाच्या सिमवर डेटा कशाला? व्हॉट्सॲप, किर्तनाचे व्हिडिओ, नातवाशी व्हिडिओ कॉल, सगळं वायफायवर होतं. समोरच्या घरातला हिशेब मी वहीत असा मांडला होता:

आजी, आजोबा आणि सूनबाई, तिघांच्या सिमवरचा डेटा पॅक काढला. एका सिममागे ३,८८७ च्या जागी सुमारे २,०००.
एका सिमवर वाचले सुमारे १,८८७. तिघांचे ५,६६१.
३९९ चा प्लॅन करासकट वर्षाला ५,६५०.

तीन सिम स्वस्त पॅकवर उतरवली आणि इंटरनेट घरात आलं ते जवळजवळ विनाखर्च. त्याच्यासोबत फोन आला तो वरकड. नोकरीवर जाणारा मुलगा आणि कॉलेजातला नातू यांचा डेटा तसाच ठेवला, कारण ते दिवसभर बाहेर.

पण ज्या घरात दोघंच आहेत, दोघंही सकाळी आठला बाहेर पडून रात्री आठला येतात, दोघांच्या फोनवर ५जीचा डेटा संपत नाही, तिथे हे गणित बसत नाही. त्यांची सिम उतरवता येत नाहीत, म्हणजे प्लॅनचे साडेपाच-सहा हजार पूर्ण वरचे. घरून काम नसेल तर मी त्यांना नको म्हणते. टीव्हीला मोबाइलचा हॉटस्पॉट लावून बघा, महिनाभरात कळेल पुरतं की नाही.

एक सावधगिरी. लँडलाइन आला म्हणून म्हाताऱ्या माणसाचं सिम बंद करू नका. बँकेचा ओटीपी, आधार, गॅसचं बुकिंग, पेन्शनचा हयातीचा दाखला, सगळं मोबाइल नंबरला बांधलेलं आहे. डेटा काढा, नंबर ठेवा.

फोन खरोखर कुणाच्या कामाचा

वरकड असला तरी फोन कुणी उचलणार नसेल तर तो टेबलावर धूळ खातो. कामाला येतो तो अशा घरी जिथे ऐंशीच्या पुढचं माणूस आहे. टचस्क्रीनवर बोट सरकवून फोन उचलणं त्यांना जमत नाही. बोट कोरडं असतं, थरथरतं, आणि तोवर रिंग संपते. रिसीव्हर उचलला की बोलणं सुरू, एवढं त्यांच्या हाताला पाठ असतं. ऐकू कमी येत असेल तर मोठ्या आवाजाचे, मोठ्या बटणांचे फोन मिळतात. आणि लँडलाइनचा फोन चार्ज करायला विसरला, पिशवीत राहिला, सायलेंटवर गेला असं होत नाही. मुलं पुण्या-मुंबईला किंवा परदेशात असतील तर एवढ्यासाठीच घ्यावा. परदेशातून आलेला कॉल घ्यायला पैसे पडत नाहीत. तुम्ही परदेशी लावलात तर मात्र ‘अमर्याद’ लागू नाही. आयएसडी बंद ठेवायला सांगा, उगाच कुणाचं बोट पडायला नको.

दवाखाना, वकिलाचं ऑफिस, शिकवणी, छोटं लॉज यांना एसटीडी कोड असलेला नंबर अजून उपयोगी पडतो. पाटीवर ०२१६२ दिसलं की माणूस इथलाच आहे आणि ठिकाणावर आहे एवढं ग्राहकाला कळतं. पण घरगुती प्लॅन धंद्याला वापरू नका. अटींत तसं लिहिलेलं असतं, आणि दिवसभर पन्नास कॉल बाहेर गेले की कंपनी नोटीस काढते. व्यवसायाचा प्लॅन वेगळा आणि महाग असतो, तो खर्च धंद्याच्या वहीत टाका. फॅक्स अजून वापरत असाल तर आधी लावून बघा. इंटरनेटवरच्या फोनवर फॅक्सचे कागद अर्धवट येतात.

तिसरे म्हणजे रेंज नसलेली घरं. जावळी, पाटण, महाबळेश्वरकडे अशी वाडी असते की फोन घेऊन अंगणातल्या ठरावीक दगडावर उभं राहावं लागतं. तिथे फायबर पोचलं असेल तर लँडलाइन सोनं आहे, असं मी काही वर्षांपूर्वी म्हटलं असतं. आता वायफाय कॉलिंग आहे. २०१९ च्या डिसेंबरात एअरटेलनं आणि त्यानंतर महिन्याभरात जिओनं ते सुरू केलं. मोबाइलच्या सेटिंगमध्ये ते चालू करायचं, मग रेंज नसली तरी घरच्या वायफायवरून नेहमीच्या नंबरावर नेहमीसारखा कॉल येतो-जातो. वेगळे पैसे नाहीत. म्हणून रेंजच्या कारणासाठी फोनवालं पॅकेजच हवं असं नाही. गावातल्या केबलवाल्याचं नुसतं इंटरनेटही चालेल, आणि तार तुटली की तो दोन गल्ल्यांपलीकडून शिडी घेऊन येतो. मोठ्या कंपनीचा माणूस कधीकधी परजिल्ह्यातून निघालेला असतो.

वीज गेली की काय होतं

हे कुठलाही विक्रेता सांगत नाही. तांब्याच्या तारेचा जुना फोन एक्स्चेंजमधून येणाऱ्या ४८ व्होल्टवर चालायचा. एक्स्चेंजला बॅटऱ्यांची खोली आणि जनरेटर असायचं. दहा-बारा तासांच्या भारनियमनाच्या काळातही गावभर अंधार आणि फोन चालू, असं आम्ही पाहिलंय. वादळात झाडं पडली, वीज दोन दिवस नाही, तरी रिसीव्हर उचलला की टोन यायचा.

काचेच्या धाग्यातून वीज वाहत नाही. फायबरवरचा फोन कंपनीनं तुमच्या घरात बसवलेल्या डब्यावर (मोडेमवर) चालतो आणि तो डबा तुमच्या घरातल्या प्लगवर. वीज गेली की इंटरनेट गेलं, आणि फोनही गेला. घरात आजारी माणूस आहे म्हणून लँडलाइन घेत असाल तर हा खर्च पानावर धरलाच पाहिजे. इन्व्हर्टर असेल तर डब्याचा प्लग इन्व्हर्टरच्या लाइनीवर घ्या. इलेक्ट्रिशियनकडून एक पॉइंट ओढून घ्यावा लागतो, तेवढंच. नसेल तर राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, हजार-दीड हजाराला, तळहातापेक्षा थोडा मोठा. विकत घेण्याआधी डब्याच्या ॲडॉप्टरवरचा आकडा वाचा. बहुतेक १२ व्होल्ट असतो. ॲम्पिअर किती लिहिलंय तेही बघा आणि यूपीएस तेवढा देतो का ते विचारा. फोनचा डबा आणि वायफायचा राउटर वेगळे असतील तर दोघांनाही वीज द्यावी लागते. कॉर्डलेस फोन घेतलात तर त्याच्या बेसलाही वीज लागते, म्हणून म्हाताऱ्या माणसांच्या घरी मी वायरीचाच साधा फोन सुचवते.

एवढं करूनही कंपनीच्या वाटेतल्या उपकरणाची बॅटरी उतरली तर तुमचा यूपीएस काय करणार! म्हणून बटणाचा साधा मोबाइल उशाशी असू द्या.

जोडायला माणूस आल्यावर

फोनचं इन्स्ट्रुमेंट बहुधा तुम्हालाच आणावं लागतं. साधा वायरीचा फोन हजाराच्या आत मिळतो. माळ्यावरचा जुना फोन चालेल का? बटणाचा असेल तर चालेल, मात्र त्याच्या बुडाशी किंवा कडेला ‘टी’ आणि ‘पी’ असं बारीक बटण असतं, ते ‘टी’वर असलं पाहिजे. ‘पी’वर असलं की टोन येतो, कॉल येतो, पण लावलेला नंबर लागत नाही, आणि लोक कंपनीला शिव्या घालत बसतात. गोल तबकडीचा काळा फोन या डब्यांवर बहुतेक चालत नाही. तो शोकेसला शोभतो, तिथेच राहू द्या.

घरात आधीची फोनची वायरिंग असेल आणि तीच वापरायची असेल तर बाहेरून खांबावरून येणारी जुनी तार आधी घरच्या वायरिंगपासून तोडून घ्या. आलेला पोरगा घाईत तसंच जोडून देतो. मग जुन्या तारेतला बिघाड नव्या फोनला लागतो, खरखर येते, पावसाळ्यात तर हमखास. एकाच डब्यावर तीन-तीन खोल्यांत समांतर फोन लावायचे असतील तर सगळ्यांची घंटी नीट वाजते का ते तो माणूस दारात असतानाच बघा. हे डबे एक्स्चेंजइतक्या जोरानं घंटी वाजवू शकत नाहीत.

त्याच्यासमोर चार कॉल करून बघा: एक मोबाइलला, एक गावातल्या लँडलाइनला, एक बाहेरगावी, आणि एक मोबाइलवरून या नव्या नंबरला. मोबाइलला लावताना आधी शून्य लावायचं, १५ जानेवारी २०२१ पासून सगळ्या लँडलाइनना तो नियम आहे. पुष्कळ ज्येष्ठांना हे अजून माहीत नाही. फोनशेजारी चिठ्ठी चिकटवा.

डब्यावरचे दिवेही समजून घ्या. ‘एलओएस’ लिहिलेला दिवा लाल लुकलुकत असेल तर धागा तुटलाय किंवा वाकलाय, घरात काही करून उपयोग नाही. तो दिवा बंद आहे, इंटरनेट चालू आहे, पण ‘फोन’ किंवा ‘टेल’चा दिवा लागत नाही, तर धागा शाबूत आहे आणि फोनची नोंदणी कंपनीच्या बाजूला अडकली आहे. तक्रार करताना हे असंच सांगा. “फोन बंद आहे” एवढंच सांगितलं की ते आधी तुम्हाला राउटर बंद-चालू करायला लावतात आणि एक दिवस जातो.

पैसे भरताना

‘सहा महिने आगाऊ भरा, जोडणी मोफत’, ‘वर्षाचं भरा, एक महिना फुकट’ असं प्रत्येक जण देतो. नव्या जोडणीला मी कधीच वर्षाचे भरू देत नाही. पहिले काही महिने महिन्याच्या हिशेबानं घ्या, आणि शक्य तर एक पावसाळा जाऊ द्या. आमच्याकडे जूनमध्ये रस्ते खणले जातात आणि फांद्या तारांवर पडतात. कंपनीचा माणूस किती दिवसांत येतो ते तेव्हाच कळतं. भाड्याच्या घरात असाल तर नव्या घरी यांची लाइन असेलच असं नाही, आगाऊ पैसे अडकतात.

भरण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या, व्हॉट्सॲपवर आल्या तरी चालतील. डब्याची अनामत किती आणि परत कधी. सुरुवातीचा दर किती महिन्यांचा आणि नंतर किती. बंद करायचं झाल्यास किती दिवस आधी कळवायचं. एका शेजाऱ्यांनी जोडणी बंद केली, डबा न्यायला आलेल्या पोराच्या हातात दिला, पावती घेतली नाही. पुढे कित्येक महिने डब्याचे पैसे भरा म्हणून फोन येत राहिले. डबा देताना त्याच्या मागच्या स्टिकरचा फोटो काढा आणि पोचपावती घ्या.

तक्रार केली की तक्रार क्रमांक मागून घ्यायचा. तो नसला तर तुमची तक्रार झालीच नाही असं समजा, मी त्या बाजूला बसलेली आहे. मुदतीत काम झालं नाही किंवा पटलं नाही तर त्याच कंपनीत अपील प्राधिकारी असतो. त्याच्याकडे ३० दिवसांच्या आत अपील करता येतं, फी नाही, आणि त्यानं ३९ दिवसांत निकाल द्यायचा असतो. लोक थेट ट्रायला लिहितात, पण ट्राय एकेकट्याच्या तक्रारी सोडवत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर मात्र लावा, मराठीतही बोलता येतं. नको असलेले जाहिरातीचे कॉल लँडलाइनवरही येतात. त्यासाठी त्याच फोनवरून १९०९ लावून नोंद करा.

जुना नंबर

ज्यांच्याकडे अजून तांब्याचा जुना फोन आहे, त्यांनी नवा घेण्याच्या घाईत तो आधी बंद करू नये. मोबाइलसारखा लँडलाइनचा नंबर एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही. बीएसएनएलच्या तांब्यावरून बीएसएनएलच्याच फायबरवर जाताना जुना नंबर ठेवता येतो, पण तुमच्या एक्स्चेंजच्या हद्दीत ते होतं का, हे अर्ज देण्याआधी विचारा आणि अर्जावर ‘जुनाच नंबर कायम ठेवावा’ असं स्पष्ट लिहा. दुसऱ्या कंपनीकडे जायचं ठरलं तर दोन्ही फोन महिना-दोन महिने सोबत चालू ठेवा. त्या काळात जुन्या नंबरावर कोणकोणाचे फोन येतात ते एका कागदावर लिहीत जा: एलआयसीचा एजंट, गॅस एजन्सी, बँक, सोसायटी, लग्नाच्या पत्रिकेवरून नंबर उतरवून घेतलेले पाहुणे. त्यांना नवा नंबर कळवून झाला की बंद करण्याचा अर्ज द्या, शेवटचं बिल भरा, आणि अनामत परत मिळण्यासाठी बँकेचा रद्द केलेला चेक त्याच दिवशी जोडा.